काटकसर, पण डोळ्यांशी नको!

आपल्या घरात काही टाकून देणं आपल्याला जमतच नाही. दुधाच्या पिशव्या आपण धुऊन वाळवतो, जुन्या सुती साडीची गोधडी करतो, लोणच्याची बरणी रिकामी झाली की तिच्यात डाळ भरतो. या काटकसरीवरच तर आपले संसार उभे राहिले आणि मला तिचा अभिमानच आहे. पण हीच सवय हल्ली एका भलत्याच वस्तूपाशी येऊन पोहोचली आहे, म्हणून आज हा विषय. ती वस्तू म्हणजे रोज वापरून टाकायच्या कॉन्टॅक्ट लेन्स. दुकानात त्यांना ‘डेली डिस्पोजेबल’ म्हणतात.

बचत गटांच्या आणि महिला मंडळाच्या कामानिमित्त माझं तालुक्याच्या गावांना सतत जाणं-येणं असतं. पूर्वी लेन्स म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलींची हौस वाटायची. आता कॉलेजच्या मुली, शिक्षिका, बँकेतल्या मॅडम, नव्या नवऱ्या अशा कितीतरी जणी त्या वापरतात. चांगलंच आहे! पण “एका दिवसात टाकायची? जीव होत नाही बाई! मी धुऊन आठवडाभर घालते,” असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो.

मुळात ही लेन्स एका दिवसापुरतीच का बनवतात, ते समजून घेऊ या. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, त्यात रक्तवाहिन्या नसतात. उघड्या डोळ्याला तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. लेन्स म्हणजे त्या पडद्यावर घातलेलं पांघरूणच. दिवसभरात तिच्यावर अश्रूंमधली प्रथिनं, तेलकटपणा, धूळ, काजळाचे कण बसत जातात. संध्याकाळी डोळा चुरचुरतो तो बऱ्याचदा त्यामुळेच. महिन्याच्या लेन्स रोज औषधी द्रावणाने चोळून, त्यातच बुडवून ठेवायच्या असतात. रोजच्या लेन्सचं सगळं सुख हेच, की ना द्रावण, ना डबी. सकाळी नवी, रात्री कचऱ्यात. पण ती पातळ असते आणि पुन्हा पुन्हा धुण्यासाठी बनवलेलीच नसते. ती दुसऱ्या दिवशी घातली, म्हणजे त्या सुखासाठी मोजलेले पैसे वाया गेले आणि वर धोका विकत घेतला.

त्यातही बऱ्याच जणी ती चक्क पाण्यात ठेवतात. नळाच्या, विहिरीच्या, टाकीच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा एक सूक्ष्म जीव असू शकतो. पोटात गेला तर तो सहसा काही करत नाही, पण लेन्सच्या आडून बुबुळात शिरला तर महिनोन्‌महिने उपचार करावे लागतात आणि दृष्टीही जाऊ शकते. म्हणून फिल्टरचं असो, उकळून गार केलेलं असो की बाटलीबंद असो, लेन्सला पाणी लावायचंच नाही. लेन्स घालून आंघोळ नाही, नदीत डुबकी नाही आणि रंगपंचमी तर मुळीच नाही.

काही जणी विचारतात, “ताई, मग परवडायचं कसं?” अगदी रास्त प्रश्न आहे. तीस लेन्सची पेटी म्हणजे दोन्ही डोळ्यांना पंधराच दिवस पुरते. रोज घालायच्या तर खर्च मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण रोज घालायला सांगितलंय कुणी? घरात चष्मा लावा आणि लग्नकार्य, स्नेहसंमेलन, प्रवास अशा दिवशीच लेन्स घाला. अशा अधूनमधून वापरासाठी रोजच्याच लेन्स सोयीच्या, कारण महिन्याची लेन्स एकदा उघडली की घाला अथवा न घाला, महिन्याने टाकावीच लागते. उरलेल्या बंद लेन्स पाकिटावरच्या मुदतीपर्यंत टिकतात. खरी काटकसर अशी करावी!

आणखी एक आपल्या स्वयंपाकघरातली गोष्ट. मिरचीचा तिखटपणा साबणाने हात धुतले तरी बोटांवरून सहजासहजी जात नाही. म्हणून सकाळी मिरचीला हात लावण्याआधीच लेन्स घालावी आणि संध्याकाळी मिरच्या चिरण्याआधी ती काढून टाकून चष्म्यावर स्वयंपाक करावा. हात धुऊन कोरडे करावेत, मगच लेन्स हाताळावी. पावडर-काजळ लेन्स घातल्यावर लावावं आणि लेन्स काढल्यावर पुसावं. मोबाइल किंवा कॉम्प्युटरकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात आणि लेन्स सुकते, तेव्हा मुद्दाम डोळे मिटावेत. काढलेली लेन्स बेसिनमध्ये सोडू नका. ती प्लॅस्टिकचीच जात आहे, सुक्या कचऱ्यात टाका.

आता जे मनाला जास्त लागतं ते सांगते. आमच्या भागातल्या एका मुलीचा नंबर लहानपणापासून मोठा. बघायला येणाऱ्यांपासून चष्मा लपवला गेला, लग्न ठरलं, झालंही. सासरी भरलं घर, पाहुणे, नणंदा. रात्री लेन्स काढली तर चष्मा लावावा लागणार आणि बिंग फुटणार! पोर लेन्ससकटच झोपू लागली. मिटलेल्या डोळ्याला आधीच हवा कमी, त्यात लेन्सचं पांघरूण. झोपेत लेन्स ठेवली की जंतुसंसर्गाचा धोका कैक पटींनी वाढतो. तिचा एक डोळा लाल झाला, ठणकू लागला, उजेड सोसेना. औषधाच्या दुकानातून थेंब आणून चार दिवस काढले. डॉक्टरांकडे पोहोचली तेव्हा बुबुळावर जखम झालेली होती. जखम भरली, पण डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्याने तिला आता धुरकट दिसतं.

यात चूक कुणाची? लेन्सची तर नाहीच. आणि त्या मुलीला तरी काय बोल लावायचा? मुलीच्या नाकावरचा चष्मा म्हणजे खोट, असं मानणाऱ्या आपल्या सगळ्यांची ती चूक आहे. मुलाला चष्मा असला की तो अभ्यासू आणि मुलीला असला की “नंबर किती हो?” हा कुठला न्याय?

लग्नाच्या निमित्ताने आणखी एक खूळ आलंय, ते म्हणजे नवरीला घाऱ्या किंवा निळ्या लेन्स! नंबर नसला तरी लेन्स ही डोळ्याच्या मापाने डॉक्टरांनी किंवा प्रशिक्षित नेत्रतपासनिसांनीच द्यायची असते. चष्म्याच्या चिठ्ठीवर ती घेता येत नाही, कारण तिला गोलाई आणि व्यासाचंही माप लागतं. आणि एका नवरीची लेन्स दुसरीच्या डोळ्यात घालणं म्हणजे तर कहर. ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणींना माझी हात जोडून विनंती आहे, नवरी कितीही मागे लागली तरी हे करू नका.

एवढं मात्र फ्रिजवर लिहून लावा: डोळा लाल होणं, दुखणं, उजेड न सोसणं, अंधुक दिसणं. यातलं काहीही झालं तर लेन्स लगेच काढायची आणि त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे. मनाने थेंब घालायचे नाहीत. काही थेंबांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली तात्पुरती जाते, पण आतला संसर्ग, विशेषतः बुरशीचा, बळावू शकतो.

लेन्स ही आपल्या सोयीसाठी आहे, कुणाला बरं दिसावं म्हणून भोगायची शिक्षा नव्हे. तेव्हा आयांनो, मुलीच्या बायोडेटात चष्म्याचा नंबर सरळ लिहून टाका. आणि सासूबाईंनो, नवी सून घरात आली की पहिल्याच रात्री तिला एवढंच म्हणा, “लेन्स असेल तर काढून झोप गं, चष्मा उशाशी ठेव.”