घड्याळाची डायल : अस्सल की रंगवलेली?

जुनं स्विस घड्याळ विकत घेताय? डायल नव्यासारखी लखलखीत दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. आधी भिंग मागा.

कारखान्यातली छपाई बारीक आणि रेखीव असते. पुन्हा रंगवलेल्या डायलवर अक्षरं बरेचदा जाडसर, पसरट दिसतात. मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांशी नीट जुळत नाहीत.

मग ६ च्या आकड्याखाली, अगदी कडेला पाहा. १९६० च्या दशकापासून अनेक डायलवर तिथे इंग्रजीत ‘टी स्विस टी’ छापलेलं असे. टी म्हणजे ट्रिटियम. त्याची शक्ती साधारण १२ वर्षांत निम्मी होते. तेव्हाची डायल आज रात्रभर लख्ख चमकत असेल, तर तो रंग नंतर भरलेला समजा.

डायल रंगवून घेण्यात गैर काही नाही. ते लपवून विकणं ही फसवणूक. संग्राहक सहसा थोड्या डागाळलेल्या, पण अस्सल डायललाच जास्त किंमत देतात.

घरात आजोबांचं घड्याळ असेल, तर दुरुस्तीला देतानाच सांगा, “मशीन साफ करा, डायलला हात लावू नका.” एकदा खरवडलेली मूळ छपाई परत येत नाही.