विश्लेषण : आईच्या दुधात रसायनं सापडतात, मग बाळाला दूध पाजायचं की नाही?

‘आईच्या दुधात विष’ अशा मथळ्याची बातमी दर काही महिन्यांनी फोनवर येते. कधी कीटकनाशकं, कधी मायक्रोप्लास्टिक, तर २०२५ मध्ये बिहारमधल्या ४० मातांच्या दुधात सापडलेलं युरेनियम. बातमी फॅमिली ग्रुपवर पोहोचते आणि घरात नुकतीच बाळंत झालेली लेक किंवा सून असेल, तर तिलाच विचारलं जातं, ‘मग वरचं दूध सुरू करायचं का?’

उत्तर आधीच सांगून टाकलेलं बरं : नाही. बिहारच्या संशोधकांनीही स्तनपान सुरू ठेवा, असंच सांगितलं. पण म्हणून ‘काळजीचं काही कारण नाही’ असं म्हणणंही खरं नाही.

दुधात ही रसायनं येतात कुठून?

डीडीटी, पीसीबी, डायॉक्सिन यांसारखी रसायनं पाण्यात नाही, चरबीत विरघळतात आणि लवकर नष्ट होत नाहीत. मासे, मांस, दुधदुभतं यांतून ती शरीरात येतात आणि चरबीत वर्षानुवर्षं साठून राहतात. आईचं दूध तयार होताना शरीर हीच साठलेली चरबी वापरतं. तिच्यासोबत रसायनंही दुधात उतरतात.

ही गोष्ट नवी नाही. आईच्या दुधात डीडीटी असल्याची नोंद अमेरिकेत १९५१ मध्येच झाली होती. भारतात डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये थांबवला गेला, पण डासांविरुद्धच्या फवारणीसाठी तो सुरू राहिला. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीतही डीडीटी बनत असे. बंदीच्या आदेशानं दुकानातला माल हटतो, शरीरातला साठा नाही.

थॅलेट आणि बिस्फेनॉल-ए यांची तऱ्हा वेगळी. ती शरीरात फार टिकत नाहीत, पण प्लास्टिक, पॅकिंग आणि सौंदर्यप्रसाधनांतून रोज नव्यानं येत राहतात.

बाळाच्या प्रजननसंस्थेचा संबंध काय?

जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मुलग्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन अचानक वाढतं. साधारण तिसऱ्या महिन्याच्या आसपास ते सर्वाधिक असतं. डॉक्टर याला ‘मिनी प्युबर्टी’ म्हणतात. वृषणांच्या वाढीसाठी हा काळ महत्त्वाचा असतो आणि नेमकं याच काळात दूध हेच बाळाचं सगळं अन्न असतं. वर सांगितलेल्यांपैकी अनेक रसायनं हार्मोनची नक्कल करतात किंवा त्यांच्या कामात अडथळा आणतात.

डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या १३० मातांच्या दुधाचे अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या ६२ जणींच्या मुलांचे वृषण जन्मावेळी अंडकोशात उतरलेले नव्हते. दुधातल्या थॅलेटचा या दोषाशी संबंध आढळला नाही, पण तीन महिन्यांच्या बाळांच्या हार्मोनच्या पातळीशी मात्र आढळला. कीटकनाशकं एकेकटी तपासली तेव्हा ठोस फरक दिसला नाही. सर्वाधिक प्रमाणात असलेली आठ एकत्र धरली, तेव्हा दिसला. आपले नियम मात्र एकेका रसायनाची मर्यादा ठरवतात. बाळाच्या वाट्याला येतं ते मिश्रण.

इथे एक खबरदारी हवी. वृषण खाली उतरण्याची क्रिया बहुतांशी जन्माआधीच पूर्ण होते. त्यामुळे या दोषापुरतं दूध हे कारण ठरत नाही; आईच्या शरीरात गरोदरपणीच काय होतं, याचा तो पुरावा आहे.

इटलीतल्या सेवेसोची गोष्ट जास्त अस्वस्थ करते. १९७६ मध्ये तिथल्या रासायनिक कारखान्यातून डायॉक्सिन बाहेर पडलं. त्या भागातल्या मातांच्या, पुढे जन्मलेल्या मुलांचा अभ्यास २०११ मध्ये आला. अंगावर दूध प्यायलेल्या २१ तरुणांच्या वीर्यात शुक्राणूंचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच कमी होतं, वरच्या दुधावर वाढलेल्यांमध्ये असा फरक नव्हता. २१ ही संख्या लहान आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

मग पावडरचं दूध का नको?

कारण तेही हवेतून येत नाही. पावडर पाण्यात कालवावी लागते आणि ते पाणी त्याच गावच्या बोअरचं असतं. बाटलीही प्लास्टिकची. पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत गरम पाण्यानं दूध तयार केलं, तर लिटरमागे १.६ कोटींपर्यंत सूक्ष्म कण सुटतात, असं डब्लिनच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. दुसरीकडे, स्तनपान सर्वत्र पुरेसं झालं तर जगात दरवर्षी सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळतील, असा ‘लॅन्सेट’चा २०१६ चा अंदाज आहे. जुलाब आणि न्यूमोनिया बाळाला आज गाठतात. त्यांच्यापासून आईचं दूध वाचवतं.

आईनं काय करावं?

गरम अन्न प्लास्टिकच्या डब्यात ठेवू नये. घरात कीटकनाशकांची फवारणी टाळावी. फळं-भाज्या नीट धुवाव्यात. बाळंतपणानंतर झटपट वजन उतरवण्याचा हट्ट नको, कारण चरबी वेगानं वितळली की तिच्यातली रसायनंही बाहेर पडतात. पण घरातल्या काळजीची मजल इथपर्यंतच.

खरा प्रश्न कोणाला विचारायचा?

स्वीडननं आईच्या दुधाचे नमुने दशकानुदशकं तपासले. बंदीनंतर डीडीटी आणि पीसीबी घटत गेल्याचं त्यात दिसलं. आग रोखण्यासाठी फर्निचर आणि उपकरणांत वापरली जाणारी रसायनं दुधात झपाट्यानं वाढत असल्याचं १९९० च्या दशकाअखेर लक्षात आलं. त्यांच्या वापराला चाप लागला आणि तेही प्रमाण उतरू लागलं.

आपल्याकडचा अनुभव कासरगोडचा. काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलेल्या या भागात मुलग्यांचं वयात येणं लांबल्याचं अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेनं २००३ मध्ये दाखवलं. सर्वोच्च न्यायालयाची देशभरातली बंदी आली २०११ मध्ये. मधली आठ वर्षं कोणाच्या खात्यावर मांडायची?

घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराला भारतानं २००६ मध्ये मान्यता दिली. त्याला धरून जिल्ह्याजिल्ह्यात, ठरावीक वर्षांनी आईच्या दुधाची तपासणी व्हावी आणि आकडे सर्वांसाठी खुले असावेत, ही मागणी अवाजवी नाही. शेवटच्या नळाला गढूळ पाणी आलं तर आपण नळाला दोष देत नाही, टाकी आणि पाइपलाइन तपासतो. पुढच्या वेळी ती बातमी ग्रुपवर आली, तर बाळंतिणीला दूध पाजू द्या आणि प्रश्न कृषी, आरोग्य आणि पर्यावरण खात्याला विचारा.