रसद वाहणारें जहाज

आम्ही शाळेंत इतिहास शिकवीत असूं, तेव्हां लढाया, सेनापति आणि तहांचीं कलमें मुलांकडून पाठ करवून घेत असूं. सैन्यास दाणागोटा कोणीं पोंचविला, हें मात्र आम्ही कधीं विचारलें नाहीं. त्या उणिवेची अल्पशी भरपाई म्हणून या महिन्यांत एका व्यापारी जहाजाची हकीकत वाचकांस सादर करितों.

‘अटलांटिक कन्व्हेयर’ हें ब्रिटनच्या क्युनार्ड कंपनीचें मालवाहू जहाज. १९८२ च्या एप्रिलमध्यें अर्जेंटिनानें फॉकलंड बेटें घेतलीं आणि तीं परत मिळविण्यास ब्रिटिश आरमार सुमारें ८,००० मैलांवर निघालें. इतक्या दूर रसद नेण्यास आरमाराचीं जहाजें पुरेनात. म्हणून सरकारनें व्यापारी जहाजें कामास लाविलीं. डेव्हनपोर्टच्या गोदींत थोड्याच दिवसांत या जहाजाचें रूप पालटलें. विमानांसाठीं डेक मोकळा केला, आणि वाऱ्यालाटांपासून आडोसा म्हणून दोन्ही कडांस कंटेनरांच्या भिंती रचल्या. पोटांत तंबू व दारूगोळा भरला. वर हेलिकॉप्टरें बसविलीं. आरमाराचें काम अंगावर आलें, परंतु आरमाराचें संरक्षण लाभलें नाहीं. शत्रूचें क्षेपणास्त्र चकविण्याचें साधन त्यावर बसविलेलेंच नव्हतें.

२५ मे १९८२ रोजीं अर्जेंटिनाच्या दोन विमानांनीं एक्झोसेट क्षेपणास्त्रें सोडलीं. युद्धनौकांनीं हवेंत धातुमय तंतूंचे ढग उडवून त्यांस हुलकावणी दिली. चुकलेलें अस्त्र या निराधार जहाजावर आलें. आग आवरेना. १२ माणसें मृत्युमुखीं पडलीं; कप्तान इयन नॉर्थ हे त्यांपैकींच एक. हॅरियर विमानें आधींच विमानवाहू नौकांवर गेलीं होतीं. परंतु तीन अवजड चिनूक हेलिकॉप्टरें जळालीं. चौथें त्या वेळीं आकाशांत असल्यानें तेवढें वांचलें. तीन दिवसांनीं जहाज बुडालें.

एक जहाज गेलें, आणि साऱ्या फौजेची चाल बदलली! हेलिकॉप्टरांनीं पुढें जावयाचे शिपाई पाठीवर ओझें घेऊन दलदलींतून ५० मैलांवर चालत गेले. १४ जून रोजीं युद्ध संपलें.

या युद्धांत कामीं आलेल्या व्यापारी खलाशांचें स्मारक लंडनच्या टॉवर हिलवर उभें राहिलें तें २००५ मध्यें, म्हणजे तेवीस वर्षांनीं. ज्यांनीं शस्त्र हातीं धरलें नाहीं, त्यांची आठवण जगास उशिरांच होते. आम्हां मास्तरांसही ती उशिरांच झाली, हें येथें कबूल करितों.