पत्र्यावरचा दगड

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्हा ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. त्यानंतर शेजारच्या नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने, पत्र्याच्या घरांवर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्यावेत, असे आवाहन केले. आवाहन योग्यच होते; धक्क्याने घरंगळलेला दगड खाली निजलेल्याचा जीव घेऊ शकतो. पण ते दगड तेथे हौसेने चढवलेले नसतात. वाऱ्याने पत्रा उडू नये, यासाठी गरिबाने केलेली ती तजवीज असते. दगड ठेवावा तर भूकंपाची भीती, काढावा तर वादळाची. गरिबाच्या घराचा विमा म्हणजे हा दगड!

आपल्याकडे हिवाळ्यात बर्फ पडत नाही. म्हणून घराची आगोट पावसाळ्यापूर्वी केली की वर्षाची निश्चिंती, अशी समजूत आहे. ती आता टिकणारी नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाडा झोडपला. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीसही अवकाळी पावसाने तोच अनुभव दिला. अशा वेळी हरभऱ्याची, गव्हाची, हळदीची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु फुटलेल्या पत्र्याखाली कुटुंबाने काढलेल्या रात्रीची चर्चा कोठे होत नाही.

वास्तविक उपाय अवघड नाही. वारा प्रथम कडेचा पत्रा उचलतो. तेथे साध्या खिळ्यांऐवजी वॉशरसह हुक-बोल्ट जवळजवळ बसवावेत आणि पत्र्याखालचे वासे वा पाईप भिंतीशी पक्के जखडावेत. मग दगडाची गरज उरत नाही. पण हातावर पोट असणाऱ्याला हा छोटा खर्चही पुढच्या हंगामावर ढकलावा लागतो.

मग विमा का उतरवीत नाही, असे शहरातील सुशिक्षित विचारतात. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक आहे. तीत वादळ, पूर, वीज, भूकंप यांपासून संरक्षण मिळते. घराच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये, घरसामानही आपोआप समाविष्ट होते. योजना चांगली आहे. परंतु गृहविमा पोहोचतो तो मुख्यतः जेथे बँकेचे गृहकर्ज पोहोचते तेथे. ज्याच्या घराचा नमुना ८ चा उतारा अजून आजोबांच्या नावे आहे, किंवा ज्याचे घर गायरानावर आहे, त्याच्या दारी कोण विमा प्रतिनिधी येणार?

त्याला उरते सरकारी मदत. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांनुसार अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये. तेही पडझड किमान १५ टक्के असेल तरच. कच्चे घर अधिक लवकर पडते आणि त्यालाच मदत कमी, हा कोणता न्याय?

व्यक्तीने एकट्याने विमा घ्यावा, हा मार्गच येथे अपुरा आहे. या राज्याने शेतकऱ्यांच्या अपघात विम्याचा हप्ता वर्षानुवर्षे सामुदायिकरीत्या भरला. विमा कंपन्या दावे रखडवतात, नाकारतात, हे दिसल्यावर २०२३ मध्ये शासनाने त्यांना बाजूला सारून थेट सानुग्रह अनुदान सुरू केले. जे शेतकऱ्याच्या जिवासाठी शक्य झाले, ते भूमिहीनासह प्रत्येकाच्या छपरासाठी का होऊ नये? गावातील सर्व घरांना, मालकीच्या कागदाची अट न घालता, सार्वजनिक निधीतून संरक्षण द्यावे. पंचनामा ग्रामसभेत वाचून दाखवावा. आणि हुक-बोल्टचा खर्च आपत्तीनंतर नव्हे, आपत्तीपूर्वी करावा.

हे होईपर्यंत आपण हात बांधून बसू नये. दिवाळी झाली की घराची आतून-बाहेरून छायाचित्रे काढून ठेवावीत. पत्र्याची पावती जपावी, उतारा नावावर करून घ्यावा. विमा असेल तर गंज आणि जुनी झीज यांची भरपाई मिळत नाही, हे ध्यानी ठेवावे. विक्रीसाठी घरात रचलेली हळद घरसामानात मोडेल, असे गृहीत धरू नये.

दगड काढा, असे सांगणे सोपे आहे. त्या जागी काय ठेवायचे, हे सांगण्याची जबाबदारी मात्र समाजाची आणि शासनाची आहे.