विश्लेषण : दोन किलोचे स्कूबा जॅकेट शहापूर-मुरबाडच्या पाण्यात किती कामाचे?

हातात घेताच आवडावे असे हे साहित्य आहे. वजन दोन-अडीच किलो, घडी केली की शाळेच्या दप्तरात मावेल एवढे, आणि बटण दाबले की हवा भरते. स्कूबा डायव्हिंगसाठी बनवलेली ही हलकी जॅकेट गेल्या काही वर्षांत पर्यटक डायव्हरमध्ये लोकप्रिय झाली आहेत. धरणे, डोह आणि धबधब्यांच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात दर पावसाळ्यात बुडण्याच्या बातम्या येतात. त्यामुळे असे साहित्य स्थानिक तरुणांच्या हाती दिले तर, हा प्रश्न सहज पडतो. उत्तर ‘हो’ असे आहे, पण योग्य माणसाला, योग्य प्रशिक्षणानंतर आणि योग्य कामासाठी. त्याआधी दुसरी एक स्वस्त गोष्ट काठावर पोहोचायला हवी.

हे जॅकेट नेमके काय करते?

याचे तांत्रिक नाव बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस, म्हणजे बीसीडी. गावाकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा किंवा हवाबंद डबा बांधतात. तत्त्व तेच, आर्किमिडीजचे. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते. फरक एवढाच की भोपळ्यातील हवा कमी-जास्त करता येत नाही, बीसीडीतील येते. हवा भरली की डायव्हर वर येतो, सोडली की खाली जातो. नेमकी राखली तर एकाच खोलीवर तरंगत राहतो. हे जॅकेट पाठीवरचा सिलिंडरही धरून ठेवते.

जॅक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यान यांनी १९४३ मध्ये अ‍ॅक्वालंग तयार केले, तेव्हा डायव्हरकडे असे काही नव्हते. १९६० च्या दशकात गळ्यात घालायचे फुगवटे आले आणि १९७० च्या दशकात सध्याच्या जॅकेटची रचना रुळली.

पहिल्या नजरेत काय जाणवते?

नेहमीचे बीसीडी साधारण साडेतीन ते पाच किलोचे असते. ‘ट्रॅव्हल’ प्रकारात पाठीची कडक प्लेट, जाड गादी आणि मोठे खिसे काढून टाकलेले असतात. देशांतर्गत विमानप्रवासात इकॉनॉमीच्या प्रवाशाला सहसा १५ किलो सामान नेता येते. तिथे दोन किलो वाचणे ही मोठी सोय आहे.

पाण्यातही फायदे आहेत. लोंबणारे पट्टे कमी, त्यामुळे अडकण्याची शक्यता कमी. कापड पातळ असल्याने ते लवकर वाळते.

उणिवा मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वापरात कळतात. नेहमीच्या वापरातला ॲल्युमिनियमचा ११ लिटरचा सिलिंडर रिकामाच १४ किलोच्या आसपास भरतो. मऊ पाठीच्या जॅकेटवर तो डुलतो आणि काठावर चालताना सगळा भार खांद्यांवर येतो. अनेक हलक्या मॉडेलची उचल मोठ्या जॅकेटपेक्षा कमी असते. पर्यटकाला ती पुरते. गाळात रुतलेली जड वस्तू वर आणायची असेल तर ती पुरत नाही, आणि त्या कामासाठी जॅकेट वापरूही नये. त्यासाठी वेगळ्या ‘लिफ्ट बॅग’ मिळतात.

गोड्या पाण्यात काय बदलते?

समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. माणूस आणि साहित्य मिळून १०० किलो भरत असतील, तर धरणात उतरताना समुद्रापेक्षा सुमारे अडीच किलो कमी शिसे कमरेला लागते. मालवणात बसलेला हिशेब भातसात तसाच लावला, तर डायव्हर नको तेवढा जड होऊन खाली जाईल.

उंचीचाही हिशेब असतो. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपेक्षा उंच जलाशयात डायव्हिंगची वेळापत्रके बदलावी लागतात, कारण वरचा हवेचा दाब कमी असतो. तानसाची पूर्ण भरलेली पातळी सुमारे १२८ मीटर, भातसाची १४२ आणि मोडक सागरची १६३ मीटर आहे. म्हणजे शहापूर तालुक्यातील ही तिन्ही धरणे मर्यादेच्या आत आहेत. शेजारच्या इगतपुरी तालुक्यातील अप्पर वैतरणाची पातळी मात्र ६०३ मीटरवर आहे. तिथे तेच पथक गेले तर गणित नव्याने करावे लागेल.

सर्वात मोठा धोका दाबाचा. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे जॅकेटमध्ये भरलेली पाच लिटर हवा वर येईपर्यंत दहा लिटर होते. हवा वेळेवर सोडली नाही, तर जॅकेट माणसाला वेगाने वर फेकते. सिलिंडरची हवा घेतलेल्याने श्वास रोखून ठेवला, तर जेमतेम दीड-दोन मीटरवरून वर येतानाही फुप्फुसाला इजा होऊ शकते. चांगला पोहणारा माणूस घाबरला की नेमका श्वासच रोखतो, कारण सिलिंडरशिवाय बुडी मारताना तेच बरोबर असते.

लाइफ जॅकेट आणि बीसीडी यात फरक काय?

दिसायला दोन्ही सारखी, पण कामे उलट. लाइफ जॅकेट माणसाला पृष्ठभागावर ठेवण्यासाठी असते, बीसीडी पाण्याखाली राहण्यासाठी. १०० न्यूटन किंवा त्याहून अधिक क्षमतेचे लाइफ जॅकेट सुमारे दहा किलोची उचल देते आणि भान हरपलेल्या माणसाचा चेहरा पाण्याबाहेर राहील अशा रीतीने बनवलेले असते. बीसीडी अशी हमी देत नाही. ते लाइफ जॅकेट नाही, असा इशारा त्याच्या माहितीपुस्तिकेत छापलेला असतो.

आणखी एक फरक निर्णयाचा. फोमचे लाइफ जॅकेट अंगात घातले की आपोआप काम करते. बीसीडीत हवा कधी भरायची, कधी सोडायची, हे दर मिनिटाला माणसाला ठरवावे लागते. घाबरलेल्या माणसाला नेमके तेच जमत नाही.

शहापूर-मुरबाडचा प्रश्न वेगळा का?

शहापूर तालुका मुंबईची पाण्याची टाकी आहे. १८९२ चे तानसा, १९५७ चे मोडक सागर आणि मुंबईला जवळपास निम्मे पाणी देणारे भातसा हे सगळे इथे. मुरबाडकडे बारवीचा फुगवटा, काळू आणि शाई या नद्या आणि माळशेजचे धबधबे. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे आणि धरण परिसरात मनाई आदेश काढते, तरी सुट्टीच्या दिवशी गर्दी होतेच.

बुडणाऱ्या माणसाकडे मिनिटे असतात. मेंदूला चार ते सहा मिनिटे प्राणवायू मिळाला नाही, तर कायमची इजा सुरू होते. विहीगावच्या अशोका धबधब्यावर किंवा माळशेज घाटात ठाणे, कल्याणहून पथक यायला तासाहून अधिक वेळ लागतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. सिलिंडर लावलेला डायव्हर पाण्यात उतरतो, तोपर्यंत बहुतेक वेळा शोध जिवंत माणसाचा राहिलेला नसतो.

हे काम कमी महत्त्वाचे नाही. घरच्यांना आपला माणूस मिळणे ही मोठी गोष्ट असते. आज त्यासाठी गावातले पोहणारे तरुण अनेकदा फक्त श्वासाच्या जोरावर गढूळ पाण्यात बुड्या मारतात. तळाशी झाडांची खोडे, जुनी जाळी, काटेरी तारा. त्यांचा जीवही तेवढ्याच मोलाचा आहे आणि त्यांना चांगले साहित्य मिळायलाच हवे. मात्र नुसते जॅकेट दिले आणि प्रशिक्षण दिले नाही, तर आज दीड मिनिटात वर येणारा तरुण उद्या पंधरा मिनिटे खाली राहील, आणि अडकला तर त्याला सोडवणारा कोणी नसेल.

धबधब्याखालचे पाणी तर स्कूबासाठी नाहीच. फेसाळ पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, त्यामुळे त्याची घनता आणि उचल दोन्ही घटतात. पडणारा प्रवाह माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढतो. तिथे दोन किलोचे असो वा पाच किलोचे, बीसीडी उपयोगी पडत नाही. काठावरून फेकलेला दोर उपयोगी पडतो.

मग आधी काय हवे?

पहिला खर्च काठावर व्हावा. एका आयात केलेल्या बीसीडीच्या किमतीत डझनभर तरी साधी लाइफ जॅकेट येतात. धरणात होडी चालवणाऱ्या, ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकणाऱ्या आणि बचावासाठी पहिली धाव घेणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर ते हवे. गर्दीच्या ठिकाणी दोर आणि रिंग कायम टांगलेली असावी आणि ती कशी फेकायची हे जवळच्या टपरीवाल्यालाही माहीत असावे.

दुसरे, दोन्ही तालुक्यांसाठी मिळून एक प्रशिक्षित डायव्हिंग पथक. पर्यटकांचा प्राथमिक कोर्स १८ मीटर खोलीपर्यंतच्या स्वच्छ पाण्यासाठी असतो. शोधकार्याचे प्रशिक्षण वेगळे. राज्यात तारकर्ली येथे पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. या तालुक्यांतील निवडक तरुणांना तिथून सुरुवात करून देता येईल. उतरताना जोडीदार हवा, काठावर दोर धरणारा हवा.

तिसरे, देखभाल. गाळाने हवा भरण्याचे बटण अडकले, तर जॅकेट आपोआप फुगू शकते. प्रत्येक वापरानंतर आतून-बाहेरून धुणे, वर्षाला तपासणी आणि सिलिंडर भरायला स्वच्छ हवेचा कंप्रेसर, यासाठी दरवर्षी तरतूद लागेल. नाही तर उद्घाटनाच्या फोटोतले साहित्य तहसील कार्यालयाच्या कपाटात पडून राहील.

हलके बीसीडी चांगले साहित्य आहे. प्रशिक्षित पथकाला डोंगरवाटेने डोहापर्यंत सगळा संच वाहून न्यायचा असेल, तर वाचलेला प्रत्येक किलो मोलाचा ठरेल. पण ते बुडालेल्याला शोधणाऱ्याचे साहित्य आहे. बुडू नये यासाठी जे लागते ते स्वस्त आहे, गावात मिळू शकते आणि वापरायला शिकायला अर्धा तास पुरतो. म्हणून मागणीपत्रात पहिल्या ओळीवर दोर आणि लाइफ जॅकेट असावे, बीसीडी त्याच्या खाली.