हुडकोतील महालक्ष्म्या



भाद्रपद जवळ आला की नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या पुष्कळ घरी गावाहून एकच विचारणा येते : "यंदा महालक्ष्म्यांना येणार ना?" पूर्वी ती पोस्टकार्डाने येई, आता दूरध्वनीने येते. उत्तर मात्र पूर्वीसारखेच अडखळत दिले जाते. मी भिलाईला एका हिंदी माध्यमाच्या शाळेत गणित शिकविते. यजमान पोलाद कारखान्यात आहेत आणि आमचे बिऱ्हाड हुडको वसाहतीत आहे. अनेक वर्षे हे अडखळते उत्तर मीच दिले आहे, म्हणून हा विषय आज आपल्यापुढे मांडावासा वाटला.

आमच्या महालक्ष्म्या वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडील एका खेड्यात बसत. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात त्याच या. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर परत जातात. ज्येष्ठा व कनिष्ठा असे दोन पितळी मुखवटे, त्यांची दोन बाळे, धडाच्या जागी पत्र्याच्या दोन कोठ्या आणि वर टांगावयाचा वेणी-फणी-करंज्यांचा फुलोरा, एवढा सारा संसार माळ्यावरच्या एका पेटीत असे. सासरे गेल्यावर सासूबाई दहा वर्षे एकट्याने तो सांभाळीत आल्या. आम्ही दोघे व पुण्याचे दीर-जाऊबाई आळीपाळीने जात असू. कधी कोणीच जात नसे. ज्या वर्षी कोणी गेले नाही त्या वर्षी सोळा भाज्या त्यांनी एकटीने चिरल्या, हे मला पुढे शेजारच्या काकूंकडून कळले. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत.

सन २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले व त्या आमच्याकडे राहावयास आल्या. पेटीचे काय करावयाचे, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. एका वडीलधाऱ्या चुलत सासऱ्यांचे मत असे पडले की, महालक्ष्म्या वेशीबाहेर नेऊ नयेत. झेपत नसेल तर मुखवटे नदीत सोडून मोकळे व्हावे. दुसऱ्या कोणी सुचविले की, ते भाऊबंदांकडे द्यावेत. सासूबाईंनी सर्वांचे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मला एकटे राहवत नाही म्हणून मी निघाले. त्या तरी मागे एकट्या कशा राहतील?" मुखवटे जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतले आणि वर्ध्याहून दुर्गपर्यंतच्या प्रवासात ते गाठोडे खाली ठेवले नाही. कोठ्या तेवढ्या गावीच राहिल्या.

खरे सांगावयाचे तर मला या गोष्टीचा आनंद झाला नव्हता. शाळा, घर, यजमानांच्या कारखान्यातील पाळ्या, आणि त्यांत हा तीन दिवसांचा कुळाचार. शिवाय येथे करणार तरी कोणासाठी? हे परके गाव. मनात आलेला हा शब्द पुढे माझा मलाच तपासावा लागला.

परके कितपत? नागपूरकर भोसल्यांचे सैन्य १७४१ साली रतनपुरावर आले आणि पुढे १७५८ ते १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी तेथून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातलेच. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले ते त्यांनीच. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा व वर्धा जिल्हा एकाच प्रांतात होते आणि दोहोंची राजधानी नागपूर हीच होती. त्यानंतर दुर्ग मध्यप्रदेशात राहिला व १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्यात आला. मधल्या काळात, १९५५ च्या फेब्रुवारीत, सोव्हिएट रशियाशी पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भाताच्या शेतांच्या जागी साऱ्या देशातून आलेल्या माणसांचे हे नगर उभे राहिले. आमच्या वसाहतीचे नाव तर एका महामंडळाच्या इंग्रजी आद्याक्षरांचे आहे. अशा नावाच्या जागी कोणाचे तरी माहेर असेल, हे मला कधी सुचले नव्हते.

पण सण अंगणात येऊ लागले ते आमच्याच पंचांगाप्रमाणे. श्रावणी अमावास्येला आपला पोळा तोच येथला पोरा. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन निघतात, येथे मातीचा 'नंदिया बइला' चाके लावून ओढतात. मुलींसाठी मातीची जाती व भांडी बाजारात येतात. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, आपल्या हरितालिकेच्याच तिथीला, तीजा. छत्तीसगडी स्त्रीच्या वर्षातला हा सर्वांत मोठा दिवस. वडील किंवा भाऊ तिला सासरहून नेण्यास येतो. आदल्या रात्री कारल्याच्या भाजीबरोबर 'करू भात' खाऊन ती दुसऱ्या दिवशी निर्जळ उपवास करते आणि माहेरचे लुगडे नेसून तो सोडते. २०१९ साली राज्यशासनाने या दिवसाची सुट्टीही जाहीर केली.

तीजेनंतरच्या आठवड्यात माझ्या वर्गातील पुष्कळशा मुली गैरहजर असतात. आईबरोबर त्या मामाच्या गावी गेलेल्या असतात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे खुणा करताना दरवर्षी माझ्या कपाळाला आठी पडे. वाचकहो, आपल्या महालक्ष्म्याही तीन दिवसांसाठी माहेरी आलेल्या लेकी आहेत, असे मी स्वतःच्या मुलीला सांगत आले आहे. त्याच आठवड्यात माहेरी गेलेल्या जित्याजागत्या लेकींची गैरहजेरी मात्र मी मांडीत होते!

त्या वर्षी तीज २६ ऑगस्टला झाली आणि आवाहन आले ३१ ला, रविवारी. जेवण सोमवारी, म्हणजे शाळेच्या दिवशी. जाऊबाईंना रजा मिळाली नाही. आमच्या घरचा रिवाज असा की, उंबरठ्यावरून दोन मुखवटे दोन सवाष्णींनी आत आणावयाचे, आणि त्या शक्यतो जावाजावा असाव्यात. सासूबाई स्वतः पुढे होईनात. आपल्या कपाळी कुंकू नाही, हे कारण त्यांनी आम्ही काही विचारण्यापूर्वीच सांगून टाकले. मी म्हटले, "आई, दहा वर्षे गावी तुम्हीच सारे केलेत, तेव्हा कोणी पाहिले होते?" त्या म्हणाल्या, "तेव्हा कोणी पाहात नव्हते म्हणूनच." यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. आजही सुचत नाही.

समोरच्या बिऱ्हाडी राहणाऱ्या बाई दुर्गजवळच्या एका खेड्यातील आहेत. त्या तीजेला गेलेल्या, रविवारी दुपारी भावाबरोबर परतल्या आणि माहेरची ठेठरी-खुरमी द्यावयास आमच्या दारी आल्या. दारात पिठाची पावले पाहून त्या बाहेरच थबकल्या. "दाई, कोन आवत हे?" त्यांनी विचारले. छत्तीसगडीत दाई म्हणजे आई. सासूबाईंना मराठी दाई तेवढी ठाऊक. त्या क्षणभर गोंधळल्या. मी उलगडा केला तेव्हा त्या हसल्या, आणि अडचण त्या बाईंना त्यांनी स्वतःच सांगितली. निम्मी मराठी, निम्मी कशीबशी हिंदी. मग म्हणाल्या, "तू आजच माहेराहून आलीस. तुझ्या अंगावर माहेरचे लुगडे आहे. कनिष्ठेला तू आण."

मी मनात चरकले, हे लपवीत नाही. आमच्या घराण्यात असे कधी झाले नव्हते, आणि पुण्याला कळले तर काय म्हणतील, हा विचार माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईच्या मनात प्रथम यावा याची लाजही वाटली. त्या बाईंनी हातपाय धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि मुखवटा उचलला. दारात नेहमीचे प्रश्न झाले. माझी उत्तरे मराठीत, त्यांचे त्यांच्या बोलीत : "लक्ष्मी दाई आवत हे." धान्याच्या कोठ्या नव्हत्याच, म्हणून स्वयंपाकघरातील तांदळाची दोन पिंपे उभी करून त्यांना साड्या नेसविल्या होत्या. वर्ध्याकडे ज्वारी-गव्हावर उभ्या राहणाऱ्या आमच्या महालक्ष्म्या भाताच्या देशी तांदळावर उभ्या राहिल्या.

सोळा भाज्यांची मला मोठी काळजी होती. ती त्या बाईंनी रविवारच्या बाजारात माझ्याबरोबर येऊन तासाभरात मिटविली. पालेभाज्यांच्या बाबतीत छत्तीसगडची बरोबरी करणारा मुलूख मी पाहिलेला नाही. आपली अंबाडी ती येथली अमारी. विदर्भातला तरोटा तो चरोटा. एका अक्षराचा काय तो फरक. अळूची पाने म्हणजे कोचई पत्ता, आणि उडदाची डाळ वाटून त्यांचे 'इडहर' करतात ते आपल्या अळूवडीचे सख्खे भावंडच. चेच भाजी, लाल भाजी, दोडका, भोपळा असे करीत बेरीज सतरावर गेली, आणि एक वगळावी की काय यावर सासूबाईंनी बराच वेळ विचार केला. अडले ते केवळ आंबिलीपाशी. तिच्यासाठी लागणारे ज्वारीचे पीठ त्यांनी गावाहून मुखवट्यांच्या गाठोड्यातच आणले होते, हे तेव्हा समजले.

सोमवारी पहाटे तीनला पुरण शिजत घातले. साडेसहाला मी शाळेत गेले. यजमानांची दुसरी पाळी, म्हणून ते दुपारपर्यंत घरी होते. फुलोरा त्यांनी बांधला आणि वाकडा बांधला. परत येऊन पाहते तो ओट्याशी सासूबाई खुर्चीवर, समोरच्या बाई खाली पोळ्या लाटीत बसलेल्या, आणि वरच्या मजल्यावरील केरळी भगिनी केळीची पाने पुसत होत्या. त्यांचा ओणम चार दिवसांवर आला होता. त्यांच्याकडे महाबली राजा वर्षातून एकदा आपल्या प्रजेला भेटावयास येतो. आमच्या मजल्यावरील बंगाली वहिनी म्हणाल्या, त्यांची उमा माहेरी यावयास अजून महिना आहे, तोवर तुमच्या लेकींना जेवू घालू. नैवेद्याच्या ताटात ठेठरी-खुरमीही मांडली. खुरमीचा एक तुकडा पुढे प्रसाद म्हणून खाताना सासूबाईंचा अभिप्राय पडला : "आपली शंकरपाळीच ही. गूळ मात्र हात राखून घातला नाही."

संध्याकाळी पंगतीस बावीस पाने झाली. हळदीकुंकू देताना समोरच्या बाई सासूबाईंपाशी आल्या व करंडा घेऊन थांबल्या. सासूबाईंनी मान हलविली. त्या बाईंनी आग्रह केला नाही. चिमूटभर हळद त्यांच्या पायांवर वाहिली आणि वाकून नमस्कार केला. सासूबाईंचे हात काही वेळ तिच्या डोक्यावर तसेच राहिले.

मंगळवारी दहीभाताचा नैवेद्य झाला. मुखवटे उतरवून सासूबाईंनी ते पुन्हा त्याच लुगड्यात बांधले. पेटी गावी राहिलेली. तेव्हा गाठोडे कोठे ठेवावे, याचा विचार चालला होता. समोरच्या बाई घरी गेल्या आणि पोऱ्याला आणलेल्या मातीच्या खेळण्यांची रिकामी वेताची टोपली घेऊन आल्या. मुखवटे सध्या त्या टोपलीत आहेत, आणि टोपली आमच्या तांदळाच्या पिंपावर.