हद्दवाढीच्या हरकती ऊसतोड टोळ्या परतल्यावर मागवा

पाथर्डीसारख्या तालुक्यात गावं नगरपरिषदेत घेण्याचा विषय निघाला, की पारावर पहिलं वाक्य येतं, "कोर्टात जाऊ." जरूर जावं, पण कोर्ट काय तपासतं, हे आधी समजून घ्यावं.

१. गाव शहरात घेणं योग्य की अयोग्य, हे कोर्ट ठरवत नाही. कल्याण महापालिकेच्या हद्दीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट केलं, की हद्द ठरवणं हे कायदे करण्याच्या स्वरूपाचं काम आहे. कायद्यात लिहिली आहे तेवढीच सुनावणी मिळेल.

२. पायरी चुकली, तर मात्र कोर्ट सोडत नाही. कल्याण-डोंबिवलीतून १८ गावं वगळण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला. महापालिकेशी आधी सल्लामसलत झाली नव्हती. बाहेर पडू पाहणाऱ्या गावकऱ्यांनाच त्याचा फटका बसला.

३. हद्दवाढीऐवजी नवी नगरपरिषद करायची तर १९६५ च्या कायद्याने किमान २५ हजार लोकसंख्या आणि किमान ३५ टक्के बिगरशेती रोजगार लागतो. ऊसतोड हे शेतीचंच काम आहे. कोण काय करून पोट भरतं, याची घरटी यादी ग्रामपंचायतीने आजच करावी. भाषणापेक्षा ती यादी कामाला येईल.

४. खरी लढाई हरकतींच्या मुदतीत असते. ही मुदत किमान ३० दिवसांची. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. डिसेंबरात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस डकवली, तर वाचणार कोण? घराला कुलूप, नाहीतर ओसरीवर म्हातारी आणि शाळेसाठी मागे ठेवलेलं पोर. मुदत कागदावर पुरी होते, माणसं मात्र कारखान्याजवळच्या कोपीवरच असतात.

५. नळ, गटार, रस्ते यांची आशा खोटी नाही; ज्यांना नगरपरिषद हवी, त्यांचंही ऐकलं पाहिजे. पण शहरात ग्रामसभा नसते, आणि ग्रामीण रोजगाराचं हक्काचं कामही गावाबरोबर जातं. ज्यांचं हे जाणार, तेच मजूर हरकतींच्या वेळी गैरहजर असतात.

म्हणून मागणी साधी आहे: नोटीस हंगाम संपल्यावर निघावी, त्याच महिन्यात ग्रामसभा व्हावी, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर मिळावं. निर्णय कुठल्याही बाजूने लागो; तो होताना गाव गावात असलं पाहिजे.